विसार दिला, साठेखत झाले. पण जमीन अजून कोणाची?

साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सह्या झाल्या, विसाराचा चेक वटला, की घेणाऱ्याच्या घरी पेढे येतात. जमीन घेतली, असे सगळे म्हणू लागतात. कायद्याच्या हिशेबाने त्या दिवशी जमीन घेतलेली नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ सांगते की विक्रीच्या नुसत्या करारामुळे मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा तिच्यावर कोणताही बोजा निर्माण होत नाही. तुमच्या हाती असतो तो विकणाऱ्याचा शब्द, आणि तो शब्द पाळायला लावण्याचा हक्क. हा हक्क माणसाविरुद्धचा. खरेदीखत नोंदले गेले की जो मिळतो तो मिळकतीवरचा. वकील मंडळी पहिल्याला 'राइट इन पर्सोनम' आणि दुसऱ्याला 'राइट इन रेम' म्हणतात.

साठेखत आणि खरेदीखत यांच्यामध्ये कधी तीन महिने जातात, कधी तीन वर्षे. त्या काळात आयुष्यभराची पुंजी नुसत्या शब्दावर टांगलेली असते. तो काळ सुरक्षितपणे कसा पार करायचा, हे पहिल्यांदा जमीन, प्लॉट किंवा फ्लॅट घेणाऱ्यासाठी पुढे दिले आहे.

हक्क कोणत्या जातीचा, हे कसे ओळखायचे

एकच प्रश्न विचारा: उद्या ही मिळकत तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेली, तर माझा हक्क मिळकतीबरोबर जाईल का?

बँकेने जमीन गहाण घेतली असेल तर ती जमीन कोणीही विकत घेवो, गहाण तिच्यावर बसलेलेच राहते. शेजाऱ्याने हातउसने पाच लाख दिले असतील तर ते त्याने माणसाकडून वसूल करायचे. नव्या मालकाच्या दारात जाऊन त्याला काही मागता येत नाही. रस्त्याचेही तसेच. दुसऱ्याच्या शेतातून २० वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने जाण्या-येण्याची वहिवाट असेल तर १८८२ च्याच सुविधाधिकार अधिनियमाखाली तो हक्क त्या शेताला चिकटतो. 'जा की बांधावरून, आपलंच आहे' असे म्हणून कोणी जाऊ दिले असेल तर ती परवानगी झाली. शेत विकले गेले की नवा मालक ती पाळायला बांधील नसतो.

भाड्याच्या जागेत हा फरक रोजच्या व्यवहारात दिसतो. भाडेपट्टा हा मिळकतीतला हितसंबंध आहे, म्हणून मालक बदलला तरी पट्टेदार पट्ट्यासह राहतो आणि नव्या मालकाला भाडे देतो. लिव्ह अँड लायसन्स ही केवळ वापराची परवानगी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. पण नोंदणी झाली म्हणून परवानगीचा भाडेपट्टा होत नाही. दुकान थाटण्यासाठी फर्निचरवर मोठा खर्च करणाऱ्याने सही करण्याआधी कागदाचा मथळा नव्हे, आतली कलमे वाचावीत.

एक व्यवहार जवळून

समजा, एक एकर जिरायत जमीन ४० लाखांना ठरली. विसार १० लाख, खरेदीखताची मुदत सहा महिने. तिसऱ्या महिन्यात मालकाला ४५ लाख देणारा भेटला आणि त्याने त्याच जमिनीचे खरेदीखत त्याला नोंदून दिले. आता पहिल्याचे काय?

त्याच्याकडे स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेले साठेखत असेल, दुसऱ्या खरेदीदाराने रीतसर शोध घेतला असेल आणि त्याला काहीच आढळले नसेल, तर जमीन बहुधा गेली. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम १९(ब) सांगते की करार नंतरच्या खरेदीदाराविरुद्धही बजावता येतो. मात्र ज्याने मोबदला दिला, सचोटीने व्यवहार केला आणि ज्याला आधीच्या कराराची माहिती नव्हती, त्याच्याविरुद्ध नाही. पहिल्याला उरतो १० लाख आणि नुकसानभरपाईचा दावा, तोही मालकाविरुद्ध. मालकाने पैसे उडवले असतील तर त्याच्याकडून पैसे येणे असलेल्या इतरांच्या रांगेत उभे राहायचे.

तेच साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असेल तर चित्र पालटते. नोंदलेला दस्त सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सरकारी यादीत, दिसतो, म्हणून 'मला ठाऊक नव्हते' हे दुसऱ्या खरेदीदाराला पटवून देणे फार अवघड जाते, आणि ते सिद्ध करण्याचा भार सहसा त्याच्यावरच येतो. पहिला जिंकला तर मालकाबरोबर दुसऱ्या खरेदीदारालाही खरेदीखतावर सही करायला लावणारा हुकूमनामा न्यायालय देते. म्हणजे माणसाविरुद्धचाच हक्क, पण ज्याला माहिती होती अशा प्रत्येकापर्यंत त्याचा हात पोहोचतो. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या हाताची लांबी वाढवण्यासाठी आहेत.

नोंदणीचा आणखी एक फायदा पुष्कळांना माहीत नसतो. मालकाच्या दुसऱ्या एखाद्या कर्जासाठी न्यायालयाने जमीन जप्त केली, तर जप्तीनंतर केलेली विक्री जप्तीदारापुढे टिकत नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मध्ये २००२ पासून सूट आहे: जप्तीच्या आधी केलेल्या आणि नोंदलेल्या कराराप्रमाणे झालेली विक्री वाचते.

पहिली पायरी: उतारे वाचा, नुसते मिळवू नका

सातबारा, ८अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), आणि सातबाऱ्यावर गोलात लिहिलेल्या प्रत्येक क्रमांकाचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद. गावठाणात किंवा शहरात मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. महाभूलेख संकेतस्थळावर नुसता पाहण्यापुरता मिळणारा उतारा चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा घ्या.

नवखा माणूस भोगवटादाराचे नाव बघतो आणि थांबतो. जाणता माणूस आधी 'इतर हक्क' हा रकाना वाचतो, कारण मिळकतीवर बसलेले हक्क तिथे सापडतात: सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, वाट, बहिणींची नावे, 'हस्तांतरणास बंदी' असा शेरा. मग भूधारणा पद्धत बघा. भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ आडवे येते. घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याचे कलम ६३ शेतजमिनीची खरेदी रोखते. आणि दोन-चार गुंठ्यांचा तुकडा कोणी दाखवत असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आधी तपासा. या अटी मोडून केलेला व्यवहार दोन्ही बाजू राजी असल्या तरी अडचणीत येतो.

सातबाऱ्याबद्दल एक गैरसमज खोलवर रुजला आहे. सातबारा मालकी देत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, पण उलट पुरावा आला की ते गृहीतक पडते. आणि काही हक्क सातबाऱ्यावर न दिसताही जमिनीवर असतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना जन्मतः समान वाटा देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वाटा वडील त्या दिवशी हयात होते की नाही यावर अवलंबून नाही असे स्पष्ट केले. म्हणून विकणाऱ्याची वंशावळ मागून घ्या. वाटा असलेल्या बहिणींची खरेदीखतावर सही घ्या, किंवा आधी झालेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहा. 'त्यांचं काही म्हणणं नाही' या तोंडी भरवशावर कोणीही व्यवहार करू नये.

गोव्यात उतारा 'फॉर्म १ व १४' या नावाने मिळतो. तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे विवाहित विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही हा तितकाच महत्त्वाचा मुद्दा असतो.

दुसरी पायरी: तीस वर्षांचा शोध

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करता येतो. जुन्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयातली पुस्तके पाहावी लागतात. वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. शोध गट नंबरावर तर घ्याच, पण जुन्या सर्व्हे नंबरावर आणि हिस्सा नंबरावरही घ्या. एकत्रीकरणात नंबर बदलले, आणि शोध फक्त नव्या नंबरावर घेतला, म्हणून जुना गहाणदस्त निसटला, ही चूक सहज होते.

कागदपत्रे बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाला गहाणखत लागतच नाही. हक्कलेख ठेवल्यानेच गहाण तयार होते. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करायची असते, म्हणून सूचीत 'नोटीस ऑफ इंटिमेशन' शोधा. सेरसाई या केंद्रीय नोंदवहीतही मिळकतीचा शोध घेता येतो. आणि सर्वांत साधी कसोटी: विकणाऱ्याला त्याचे मूळ खरेदीखत दाखवायला सांगा. झेरॉक्सच पुढे येत असेल तर मूळ प्रत कुठे आहे, याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस द्यावी. हरकतीला साधारण १४ किंवा १५ दिवस देण्याचा रिवाज आहे. ती दिल्याने कोणाचा हक्क नाहीसा होत नाही, पण तुमची सचोटी दाखवायला पुढे उपयोगी पडते.

तिसरी पायरी: जागेवर जा, आणि एकदाच नव्हे

ताबा हीसुद्धा कायद्याने सूचनाच आहे. जमिनीत जो प्रत्यक्ष राहतो किंवा कसतो, त्याचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला ठाऊक होता असे धरले जाते. म्हणून बांधावर उभे राहून विचारा: औत कोणाचे चालते? पीक कोण नेतो? पाणी कोणत्या विहिरीतून येते आणि तिची पाळी कशी ठरते? गाडीवाट कोणाच्या गटातून जाते? ही उत्तरे चारही बाजूंच्या शेजाऱ्यांकडून घ्या. विकणारा बरोबर नसताना एकदा जा. पेरणीच्या दिवसांत गेलात तर खरा कसणारा शेतातच भेटतो. सरकारी मोजणी झालेली नसेल तर ती करून घेण्याची अट साठेखतात घाला, म्हणजे हद्दीचा वाद खरेदीआधी बाहेर येतो.

चौथी पायरी: साठेखतात काय लिहायचे

गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, किंमत, हप्ते, हे सगळे लिहितातच. पुढची कलमे मात्र हमखास राहून जातात.

खरेदीखताची तारीख आकड्यात लिहा. 'परवानगी मिळाल्यावर' असे मोघम असेल तर परवानगी कोणी, किती दिवसांत काढायची तेही लिहा. तारखेवर पुढची सगळी मुदत मोजली जाते.

विसाराची रक्कम परत मिळेपर्यंत ती या मिळकतीवर बोजा राहील, हे वाक्य घाला. खरेदीदाराची स्वतःची कसूर नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५(६)(ब) असा बोजा आपणहून देते, पण लिहिलेला आणि नोंदलेला बोजा तिसऱ्यालाही दिसतो. एका वाक्याने पैशांचा दावा माणसावरून मिळकतीवर येतो. एवढे स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

बँकेचे कर्ज असेल तर तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरायची, बँकेचा बेबाकी दाखला घ्यायचा आणि बोजा कमी केल्याचा फेरफार झाल्यावरच पुढचा हप्ता, असा क्रम लिहा. प्रत्येक हप्ता बँकेतून द्या. रोख दिलेल्या रकमेवर न्यायालयात भांडण्यात वर्षे जातात.

ताबा साठेखतातच घ्यायचा का, हे विचार करून ठरवा. घेतला तर त्याच अधिनियमाच्या कलम ५३अ ची ढाल मिळते: तुम्ही तुमची बाजू पाळत असाल तर विकणारा तुम्हाला हुसकावू शकत नाही. पण २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या साठेखताला ही ढाल नोंदणी असेल तरच मिळते, आणि ती ढालच आहे. तिच्या जोरावर मालकी मागता येत नाही. महाराष्ट्रात ताबा देण्याचे कलम आले की साठेखताला खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क लागते. ते वाया जात नाही, पुढे खरेदीखतात वळते होते. शुल्क वाचवायला कमी मुद्रांकावर लिहिलेला दस्त न्यायालयात पुरावा म्हणून वाचताच येत नाही; आधी फरक आणि दंड भरावा लागतो, तोही नेमका अडचणीच्या वेळी.

पाचवी पायरी: नोंदणी

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीचा लाल गोल शिक्का बघून माणसे निश्चिंत होतात, आणि तिथेच घात होतो. नोटरी सही करणारा माणूस कोण होता एवढे सांगतो; त्याची नोंद सूची दोनमध्ये जात नाही, दुसऱ्या खरेदीदाराला ती दिसत नाही.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. मुदत हुकली तर आणखी चार महिने, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून. 'पैसे पूर्ण झाल्यावर नोंदू' हे ऐकू नका.

साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची जुडी देऊन 'हे खरेदीखतासारखंच आहे' असे सांगणारे अजून भेटतात. सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले आहे की अशा जुडीने मालकी जात नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की सर्वसाधारणपणे मुखत्यारीही संपते. मृत्युपत्र तो हयातीत कधीही बदलू शकतो.

सहावी पायरी: खरेदीखत आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

१०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते. त्यामुळे हा टप्पा चुकवता येत नाही. सहीच्या आदल्या दिवशी ताजा सातबारा आणि ताजा ई-सर्च पुन्हा काढा. सहा महिन्यांपूर्वीचा शोध अहवाल सहा महिन्यांपूर्वीचेच सांगतो.

सूची दोनची प्रत हातात आली की तिथेच उभे राहून गट नंबर, क्षेत्र आणि नावाचे स्पेलिंग ताडून बघा. चूक असेल तर विकणारा हाताशी असतानाच चूकदुरुस्तीपत्र करून घ्या. फेरफारासाठी माहिती नोंदणी कार्यालयातून तलाठ्याकडे जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली म्हणून मालकी गेली असे नाही. मालकी खरेदीखताने आलेली असते. पण नोंद लांबू देऊ नका. जुन्या मालकाचे नाव जितके दिवस सातबाऱ्यावर, तितके दिवस दुसऱ्या कोणाला तरी फसवता येते.

फ्लॅट घेताना

इथे कायद्याने माणसाविरुद्धच्या हक्काला बरेच बळ दिले आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. करार झाल्यावर त्याने तो फ्लॅट गहाण टाकला तरी कलम ११(४)(ह) मुळे त्या गहाणाची झळ तुमच्या हक्काला लागत नाही. बुकिंग फॉर्म आणि अलॉटमेंट लेटर यांना मात्र कराराचे बळ नाही, म्हणून १० टक्क्यांची मर्यादा ओलांडू नका.

सोसायटी स्थापन झाली, शेअर सर्टिफिकेट मिळाले, तरी इमारतीखालची जमीन आपोआप सोसायटीची होत नाही. त्यासाठी अभिहस्तांतरण, म्हणजे ती जमीन सोसायटीच्या नावे करून देणारा दस्त, लागते. बिल्डर ते करून देत नसेल तर मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ च्या कलम ११ खाली मानीव, म्हणजे बिल्डरशिवायही होणाऱ्या, अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. पुनर्विकासाची बोलणी सुरू होण्याआधीच ते करून घ्या.

विकणारा टाळू लागला तर

ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तारीख नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षे. 'करू हो, पुढच्या महिन्यात' यात ही वर्षे जातात. तारीख वाढवायची तर लेखी, दोघांच्या सहीने.

दाव्यात खरेदीदार पहिल्यापासून तयार आणि राजी होता, हे दाखवावे लागते. त्याचा पुरावा आधीच जमवा. वकिलामार्फत पोचपावतीसह नोटीस पाठवा, अमुक दिवशी अमुक वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात या असे लिहा. त्या दिवशी डिमांड ड्राफ्ट घेऊन तिथे हजर राहा, आणि उरलेली रक्कम खात्यात असल्याचे त्या तारखेचे बँक स्टेटमेंट जपून ठेवा. दाव्यात खरेदीखताबरोबर ताबा मागा आणि पर्यायी म्हणून विसाराची परतफेडही मागा. मागितले नाही तर न्यायालय आपणहून देत नाही.

मनाई हुकमाचा अर्ज दाव्याबरोबरच द्या. दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे लिस पेंडन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवा. त्यात दाव्याचा क्रमांक, न्यायालय, पक्षकार आणि मिळकतीचे पूर्ण वर्णन लिहा, जुन्या सर्व्हे नंबरासह. त्यानंतर त्या गटाचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला ती नोटीस सूचीत दिसते, आणि त्यानंतर जमीन घेणारा दाव्याच्या निकालाला बांधील राहूनच ती घेतो.